ट्रम्पलेट : एका नकोशा समुद्रफुलाचा पूर्वेतिहास

आमच्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर पुण्यातल्या आपल्या दिवाणखान्यात समुद्र आणला. चार फूट लांबीची काचेची टाकी, मोजून विरघळवलेल्या मिठाचे पाणी, निळसर दिवे, दोन-तीन पोवळी आणि सच्छिद्र खडकांचा एक छोटासा डोंगर. पहिले वर्ष निर्वेध गेले. मग खडकाच्या एका फटीतून तपकिरी, अर्धपारदर्शक देठाचे आणि बारीक पाकळ्यांसारख्या संस्पर्शकांचे एक इवलेसे फूल डोकावू लागले. ते कोणी आणले नव्हते, त्याचे पैसेही कोणी दिले नव्हते, म्हणून घरात त्याचे कौतुकच झाले. दोन महिन्यांत अशी आठ फुले झाली आणि त्यांच्या शेजारचे पोवळे अंग आखडून बसू लागले. तेव्हा कुठे चौकशी झाली आणि कळले, की हे ‘एप्टेशिया’ नावाचे समुद्रफूल असून प्रवाळ पाळणारे त्याला उपद्रव मानतात. स्नेह्यांनी धारदार पात्याने सगळी खरवडून काढली. पुढच्या महिन्यात मोजली तर ती वीसहून अधिक भरली.

साहित्यचर्चेसाठी असलेल्या पानांवर या क्षुद्र जीवाची कथा कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे : ज्या माणसाने घरात समुद्र ठेवण्याचे वेड एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडला लावले, त्यानेच ‘एप्टेशिया’ हे नाव प्राणिशास्त्राला दिले. त्याच माणसाच्या मुलाने इंग्रजी आत्मचरित्रात्मक वाङ्मयातले एक श्रेष्ठ पुस्तक लिहिले आणि त्यात आपल्या वडिलांच्या या वेडाचा हिशेबही मांडला. शिवाय ज्या उन्हाळ्यात मेरियन इव्हान्स ही अनुवादक-समीक्षक बाई ‘जॉर्ज एलियट’ होण्याच्या उंबरठ्यावर उभी होती, तो उन्हाळा तिने समुद्रफुलांच्या सहवासातच काढला होता. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

१

समुद्रफूल हे वनस्पती की प्राणी, हा प्रश्न युरोपात दीर्घकाळ अनिर्णित होता. इंग्रजीत त्याला ज्या ‘ॲनिमोन’ फुलाचे नाव मिळाले, ते मुळात बागेतले फूल. पोवळ्यांचीही तीच गत. १७२०च्या दशकात पेसोनेल या फ्रेंच वैद्याने पोवळ्यांची ‘फुले’ म्हणजे वस्तुतः प्राणी आहेत असे मांडले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ते मनावर घेतले नाही. पुढे १७४०च्या दशकात अब्राहम ट्रेम्ब्ले याने गोड्या पाण्यातल्या हायड्राचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यातून पुरा जीव वाढताना पाहिला. प्राणी कापला की मरतो, वनस्पती कापली की फुटते, ही सीमा त्या दिवसापासून डळमळली. त्यानंतर तीसेक वर्षांनी आबे दिकमार या फ्रेंच धर्मगुरूने ल हाव्रच्या किनाऱ्यावर समुद्रफुलांवर असेच प्रयोग केले. त्यांचा वृत्तांत १७७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या पात्याने जे सिद्ध केले, ते अडीचशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले होते. फरक हेतूचा. दिकमारला जीवाची चिवटाई पाहायची होती. स्नेह्यांना तो जीव नाहीसा करायचा होता. सुरी दोघांचीही सारखीच चालली.

या चिवटाईचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एडिंबरोचे. सर जॉन ग्रॅहम डॅलिएल या स्कॉटिश निसर्गाभ्यासकाने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक तांबडे समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवले. तेव्हा ना पंप होते, ना गाळणी. अधूनमधून ताजे समुद्रजल आणि थोडे खाद्य, एवढीच काय ती त्याची बडदास्त. १८५१ साली डॅलिएल वारला. समुद्रफूल जिवंतच होते. ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे वारसाहक्काने जात राहिले. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई म्हणू लागले. १८८७ साली ही आजीबाई गेली, तेव्हा ‘स्कॉट्समन’ या वृत्तपत्राने तिचा मृत्युलेख छापला. एका समुद्रफुलाने एवढा लोभ मिळवला, हे पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२

एका बरणीतले एक समुद्रफूल ही एक गोष्ट, आणि घरात मांडलेला अख्खा समुद्र ही दुसरी. दुसरी गोष्ट घडायला अनेक निमित्ते जुळावी लागली. १८४५ साली ब्रिटनमधला काचेवरचा कर रद्द झाला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. रेल्वेने समुद्रकिनारा शहराजवळ आणला. नथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या वैद्याने बंद काचपेटीत रोपे कशी जगतात हे आधीच दाखवून दिले होते. त्याच्या त्या पेट्यांतूनच पुढे चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आली. काचेच्या आत एक स्वयंपूर्ण जग उभे करता येते, ही कल्पना हवेत होती.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीहून जिवंत पोवळी लंडनला नेली. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर ॲबीतले धर्माधिकारी होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण रोज ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, खिडकीपाशी उभी राहून, ओतत असे. जलजीवपालनाच्या इतिहासात या अनाम मोलकरणीचा उल्लेख ओझरता येतो. आजच्या टाकीत जे काम विजेचा पंप करतो, ते आधी तिच्या हातांनी केले, हे आम्हांला नोंदवावेसे वाटते.

पाठोपाठ रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाचा प्रयोग आला. १८५०च्या निबंधात त्याने सांगितले, की सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्यास वनस्पती प्राणवायू देते, माशांच्या उत्सर्गावर वनस्पती पोसते आणि पाणी न बदलताही चालते. पण लवकरच कुजक्या पानांनी पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. ‘समतोल’ हा शब्द घरगुती जलजीवालयाच्या शब्दकोशात आला तो असा. हीच गोगलगाय आज गोड्या पाण्याच्या टाकीत आपसूक आली तर पाळणारे तिला उपद्रव म्हणून वेचून काढतात. वॉरिंग्टनच्या टाकीत मात्र तिच्यावाचून जग पुरे होत नव्हते.

३

आणि मग फिलिप हेन्री गॉस. जन्म १८१०. तरुणपणी न्यूफाउंडलंडमध्ये कारकून, अलाबामात शिक्षक, जमैकात कीटक-पक्ष्यांचा संग्राहक. श्रद्धेने ‘प्लिमथ ब्रदरेन’ या कडव्या पंथाचा. बायबलमधले अक्षर न् अक्षर खरे आणि प्रभूचे पुनरागमन कोणत्याही घटकेला शक्य, असे मानणारा. डेव्हनच्या किनाऱ्यावर खडकांच्या कुंडांत वाकून बसलेला हा माणूस छिन्नी-हातोडीने समुद्रफुले सोडवी, त्यांची रंगीत चित्रे काढी आणि एकदा तर त्याने एक जात शिजवून, तळून खाऊनही पाहिली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक जलजीवालय उघडले. त्यातल्या सागरी जीवांच्या पुरवठ्यात त्याचा वाटा होता. १८५४ साली त्याचे ‘द ॲक्वेरियम’ आले. समुद्र जवळ नसलेल्यांसाठी क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल कसे करावे, हेही त्याने सांगितले. पुण्यातल्या टाकीतले मिठाचे पाणी त्याच कृतीचे वंशज आहे.

पुस्तकाने वेड लावले. पुढच्याच वर्षी चार्ल्स किंग्जलीने ‘ग्लॉकस’ लिहून त्यात तेल ओतले. लंडनमध्ये जिवंत समुद्रफुले विकणारी दुकाने निघाली. दिवाणखान्यात समुद्र असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले.

१८५६ च्या मे महिन्यात जॉर्ज हेन्री लुईस आणि मेरियन इव्हान्स बरण्या घेऊन डेव्हनमधल्या इल्फ्राकूमला उतरले. लुईस तिथे जी निरीक्षणे करत होता, त्यांचे पुढे ‘सी-साइड स्टडीज’ हे पुस्तक झाले. मेरियनने त्या मुक्कामाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांत एक गोष्ट ती स्वतःविषयी सांगते : इथे आल्यापासून वस्तूंची नेमकी नावे जाणून घेण्याची तिची इच्छा वाढली आहे, आणि ही इच्छा म्हणजे धूसरपणातून बाहेर पडून स्पष्ट कल्पनांकडे जाण्याच्या ओढीचाच एक भाग आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिने आपली पहिली कथा लिहायला घेतली. समुद्रफुलांनी कादंबरीकार घडवला, असा भाबडा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. परंतु ‘मिडलमार्च’मधला एक परिच्छेद साहित्याच्या अभ्यासकांना आठवत असेल. पाण्याच्या थेंबातला एक जीव दुबळ्या भिंगातून अधाशी भासतो आणि बारके जीव जणू आपणहून त्याच्या तोंडात जातात. भिंग तीव्र केले, की दिसतात ते भोवरे उठवणारे सूक्ष्म केस, आणि तो मात्र स्वस्थ बसून असतो. लग्ने जुळवणाऱ्या एका बाईंच्या उद्योगाला दिलेली ही उपमा आहे. किनाऱ्यावरच्या उन्हाळ्यात ज्याने स्वस्थ बसलेल्या ‘फुला’ला कोळंबी गिळताना पाहिले आहे, त्यालाच अशी उपमा सुचू शकते.

४

१८५८ ते १८६० या काळात गॉसने ब्रिटिश समुद्रफुलांवरचा आपला मोठा ग्रंथ, ‘ॲक्टिनॉलॉजिया ब्रिटानिका’, भागाभागाने प्रसिद्ध केला. त्यात त्याने लॅटिन नावांबरोबर लडिवाळ इंग्रजी नावेही दिली. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचे, तळाशी निमुळते आणि वर तुतारीसारखे उमललेले एक समुद्रफूल होते. दुसऱ्या एका अभ्यासकाने १८५१ सालीच त्याचे वर्णन केले होते आणि जातिनाम कॉर्नवॉलच्या कूच घराण्यावरून ठेवले होते. (समीक्षक आर्थर क्विलर-कूच याच घराण्यातले.) गॉसने त्यासाठी नवी प्रजाती कल्पिली : एप्टेशिया. आणि लाडाचे नाव दिले ‘ट्रम्पलेट’, म्हणजे छोटी तुतारी. आज जगभरच्या टाक्यांत उच्छाद मांडणारी जात याच ट्रम्पलेटची उष्ण समुद्रांतली नातलग. २०१४ साली शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी ‘एक्झेप्टेशिया’ ही वेगळी प्रजाती केली. पाळणाऱ्यांच्या तोंडी मात्र गॉसचेच नाव राहिले आहे. फक्त आता ते शिवीसारखे उच्चारले जाते.

हा ग्रंथ लिहिला जात होता तो काळ गॉसच्या आयुष्यातला सर्वांत काळा. १८५७ च्या फेब्रुवारीत पत्नी एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्याच वर्षी त्याने ‘ओम्फॅलॉस’ प्रसिद्ध केले. ओम्फॅलॉस म्हणजे नाभी. आदमला आई नव्हती, तरी त्याला नाभी असणारच. पहिल्या झाडाच्या बुंध्यात वर्तुळे असणारच. तद्वत ईश्वराने पृथ्वी निर्माण केली ती खडकांतल्या जीवाश्मांसह, न घडलेल्या भूतकाळाच्या खुणांसह, असा त्याचा युक्तिवाद. भूशास्त्र आणि बायबल यांचा तंटा यामुळे मिटेल, अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी त्याला झिडकारले. ईश्वराने खडकांवर एक प्रचंड असत्य लिहून ठेवले आहे हे आपण मानू शकत नाही, असे खुद्द किंग्जलीने त्याला कळवले. आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन गॉस डेव्हनला गेला आणि खडकांच्या कुंडांत वाकून पुन्हा समुद्रफुले मोजू लागला.

एडमंड गॉसने पन्नास वर्षांनी, १९०७ साली, ‘फादर अँड सन’ हे पुस्तक प्रथम निनावी प्रसिद्ध केले. श्रद्धाळू बाप आणि निसटू पाहणारा मुलगा यांच्या संघर्षासाठी ते वाचले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यात खडकांच्या कुंडांची जी पाने आहेत, त्यांच्याकडे वर्गात सहसा लक्ष जात नाही. कुंडांच्या काठाकाठाने बापाबरोबर हिंडणारा तो मुलगा सांगतो, की आम्ही जे पाहिले ते आता कोणालाच दिसणार नाही. युगानुयुगे अस्पर्श राहिलेले ते सौंदर्य संग्राहकांच्या फौजेने लुटून नेले. आणि ही फौज आली वडिलांची पुस्तके वाचून. निसर्गाविषयी इतका पूज्यभाव असलेला माणूस आपल्या लोकप्रियतेमुळे या विध्वंसाला जबाबदार ठरला. पुढे ते त्याच्या ध्यानात आले आणि त्याने त्याला फार क्लेश झाले.

वेड १८६०च्या दशकात ओसरले. घरोघरच्या टाक्यांत पाणी कुजले, समुद्रफुले मेली. ज्या किनाऱ्यावरून ती आणली होती, तिथे परत न्यायला काहीच उरले नव्हते.

५

आता पुन्हा पुण्याच्या टाकीकडे. एप्टेशिया तिथे आले कोठून? बहुधा ‘लाइव्ह रॉक’ नावाने विकल्या जाणाऱ्या, सूक्ष्मजीवांनी भरलेल्या खडकाच्या एखाद्या फटीतून, नाहीतर पोवळ्याच्या बुडख्याला चिकटून. हे खडक हवेत म्हणूनच आणले जातात, कारण त्यांतले जीवाणू पाणी शुद्ध ठेवतात. परंतु खडक घ्यायचा आणि त्याचे पूर्वायुष्य मात्र नाकारायचे, हे साधत नाही. गॉसच्या ‘ओम्फॅलॉस’मधल्या जगाला न घडलेला भूतकाळ होता. आमच्या काचेतल्या जगाचे उलटे आहे. ते कालच मांडल्यासारखे स्वच्छ दिसते आणि त्याच्या फटीफटीत खराखुरा घडलेला भूतकाळ दडून असतो.

एप्टेशियाचे बळ दुहेरी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशापासून अन्न तयार करून त्याला देते. म्हणजे उपाशी मारणे अवघड. आणि तळव्याचे तुकडे मागे टाकत ते सरकते. प्रत्येक तुकड्याचे नवे समुद्रफूल होते. डिवचले तर ते फटीत आखडून बसते आणि दंशकोशिकांनी भरलेले पांढरे धागे बाहेर फेकते. गॉसने असे धागे सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास पाहिले होते.

उपाय अनेक आहेत आणि प्रत्येकाला मर्यादा आहे. भिजवलेल्या चुन्याचा दाट लगदा पिचकारीने नेमका त्याच्या तोंडावर सोडला, तर पुष्कळदा काम होते. मात्र आधी पंप बंद ठेवावेत आणि एका दिवशी थोडीच हाताळावीत, नाहीतर पाण्याचा आम्ल-अल्क समतोल बिघडतो. ‘पेपरमिंट’ नावाची तांबड्या रेषांची कोळंबी काही टाक्यांत ते खाते, काहींत ढुंकून पाहत नाही. तांबूस पट्ट्यांचा, लांब चोचीचा फुलपाखरू मासा ते खातो. पण त्याला पाळणेच कठीण. सर्वांत खात्रीचा इलाज म्हणजे ‘बर्गिया’ ही कवच नसलेली इवली सागरी गोगलगाय. ती एप्टेशियाखेरीज काहीही खात नाही. त्याच्या दंशकोशिका गिळून ती आपल्याच पाठीवरच्या शेंड्यांत साठवते आणि स्वतःच्या रक्षणाला वापरते. टाकीतले शेवटचे एप्टेशिया संपले, की तीही उपासमारीने मरते. शत्रूवर इतके अवलंबून असणारा रक्षक कादंबरीत आला असता, तर समीक्षकांनी त्याला रूपक म्हटले असते.

आणि याच उपद्रवाची दुसरी बाजू. एप्टेशिया कुठेही वाढते, तुकड्यांतून एकसारखी प्रजा देते आणि पोवळ्यांप्रमाणेच शैवालाशी सहजीवन करते; म्हणूनच ते प्रयोगशाळांत पोवळ्यांच्या जागी अभ्यासले जाते. २०१५ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. समुद्र तापला की पोवळी आपले शैवाल गमावून पांढरी का पडतात, या प्रश्नाच्या उत्तराचा बराचसा भार या ‘तणा’वर आहे. दिवाणखान्यात जे पोवळ्याला मारते, तेच प्रयोगशाळेत पोवळ्याच्या बचावासाठी राबते.

तेव्हा ‘उपद्रव’ हे त्या जीवाचे वर्णन कितपत आणि पाहणाऱ्याच्या जागेचे कितपत? आजीबाई म्हणून जिचा मृत्युलेख छापला गेला ती, ट्रम्पलेट म्हणून जिचे चित्र लोभाने रंगवले गेले ती, आणि चुन्याने जाळली जाणारी ही, तिघी एकाच गोतातल्या. मेरियन इव्हान्सला नेमकी नावे हवी होती, कारण नावाने वस्तू स्पष्ट दिसते. हे खरेच, पण ‘उपद्रव’ या एका नावाने ती दिसेनाशीही होते. तो शब्द उच्चारला, की खडक कोणी आणला, कोणत्या समुद्रातून काढला, हे विचारायचे राहून जाते. १८५०च्या दशकातल्या संग्राहकांनीही आपण किनाऱ्याचे काय करतो आहोत हे विचारले नव्हते. ते विचारले एका मुलाने, पन्नास वर्षांनी, बापाविषयीच्या पुस्तकात.

स्नेह्यांनी अखेर चुन्याची पिचकारी आणली. तीन आठवडे, दर दोन दिवसांनी, चार-चार समुद्रफुले. पोवळे पुन्हा उमलले. परवा आम्ही गेलो होतो तेव्हा त्यांनी खडकाच्या मागची एक फट दाखवली. तिथे एक तपकिरी देठ हलत होता. आम्ही पिचकारीकडे पाहिले, तर ते म्हणाले, “एवढे एक राहू दे आठवडाभर. फादर अँड सन पुन्हा वाचायला काढलंय. ते संपलं की बघू.”